खुशालरावांनी शाळेची सोयरीक जमवली

तेल्हाऱ्यापासून थोडं आत, कपाशीच्या वावरांमध्ये एक गाव आहे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या निम्म्या लग्नांची चौकशी पुन्हा सुरू होईल, आणि ती सगळी खुशालरावांनी जमवलेली आहेत.

खुशालराव कास्तकार माणूस. काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा. पण शेती हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा झाला. जीव त्यांचा सोयरिकी जुळवण्यात. कोणाची पोरगी उपवर झाली हे तिच्या बापाच्या आधी खुशालरावांना कळे. मग धोतर धुवायला पडे, टोपीला नीळ लागे आणि बुवा एसटीने अकोट, दर्यापूर, परतवाडा करत फिरायला मोकळे. बायको मनकर्णाबाई म्हणत, "निंदन खोळंबलं वावरात, अन् हे चालले लोकायचे संसार थाटाले." खुशालराव ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्यांची एक ठरलेली रीत होती. मुलाच्या घरी जाऊन मुलाची चौकशी करायची नाही. घरचे काय, वाघाला गाय म्हणतील. आधी गावच्या पानठेल्यावर बसायचं, मग पिठाच्या गिरणीवर, मग शेजाऱ्याच्या ओट्यावर. पाणी मागायचं. गप्पा पावसापाण्याच्या करायच्या आणि मध्येच विचारायचं, "हे घरानं कसं हाय, भाऊ?" तीन ओट्यांवर एकच उत्तर आलं, की सोयरीक पक्की. या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य होतं.

त्यांचा जोडीदार वाहेदभाई. हा गादीवाला. खुशालरावांनी लग्न जमवायचं आणि वाहेदभाईंनी रुखवतातली गादी भरायची, असा दोघांचा जुना व्यवहार. वाहेदभाई म्हणत, "खुशालभाऊ, तुमी ओट्यावर बसून जे इचारता, थे मले गादी उसवली की समजते. ज्या घरची गादी एका बाजूनं दबली, त्या घरात दोघं बोलत नाईत." खुशालरावांना हे पटत असे, पण तसं कबूल करण्याइतका त्यांचा स्वभाव मोकळा नव्हता.

आता अशा माणसाचा आणि शाळेचा काय संबंध? तर श्रावी.

श्रावी म्हणजे खुशालरावांची नात. मुलगा किशोर अकोल्याला दालमिलमध्ये, सून तिथेच एका दवाखान्यात. दोघं सकाळी घर सोडत ते दिवेलागणीला परत. म्हणून पोरगी आजी-आजोबांकडे. किशोरची अट एकच होती: "गावात शाळा हाय तोवर ठेवतो. शाळा बंद झाली, की मी तिले अकोल्याले नेईन, मंग रडाचं नाई." रडायचं नाही हे त्याने श्रावीला उद्देशून म्हटलं नव्हतं, खुशालरावांना म्हटलं होतं. कारण घरात ती पोरगी नसती तर म्हाताऱ्याने जेवणानंतर कोणाशी भांडायचं? मनकर्णाबाईंशी भांडून त्यांचं सगळं संपलं होतं.

श्रावी शाळेत, म्हणून खुशालराव पालक. आणि पालकांमधून शाळा व्यवस्थापन समिती निवडायची सभा होती त्या दिवशी ते दर्यापूरला एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पुरी-भाजी खात बसले होते. आपल्याकडे सभेला जो नसतो तोच अध्यक्ष होतो. संध्याकाळी परत आले तेव्हा वाहेदभाईंनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं, "मुबारक हो. मी बी सदस्य हाओ." त्यांचाही नातू त्याच शाळेत होता.

शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, एक कडुनिंब आणि अनीसा मॅडम. मॅडम एकट्याच होत्या. त्याच शिकवत, त्याच खिचडीचं बघत, मतदार याद्या त्याच करत आणि जनगणनेची तयारीही त्याच. इतकं करूनही पोरं वाचत होती. पण पोरंच कमी. ज्याच्या हातात चार पैसे खेळू लागले त्याची पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तेल्हाऱ्याच्या कॉन्व्हेंटला जाऊ लागली होती.

आणि एके दिवशी केंद्रप्रमुख महादेवराव फटफटीवर आले. हा माणूस स्वभावाने गरीब, पण त्याच्या पिशवीत नेहमी वरून आलेला कागद असे, त्यामुळे लोक त्याला लांबूनच घाबरत. पहिल्या कागदात होतं, की कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या. गाव हबकलं. खुशालरावांना रात्री झोप नाही. पण पोळा होईस्तोवर दुसरा कागद आला: मिसळायच्या नाहीत, त्या चांगल्या संस्थांना चालवायला द्यायच्या. मग तिसरा कागद आला, की द्यायच्या, पण आधी प्रयोग म्हणून, काही तालुक्यांतच. मग शुद्धिपत्रक आलं, की दुसऱ्या कागदातली अमुक ओळ तमुक वाचावी. शेवटी आलं ते असं, की हे सगळं गावाच्या समितीने सहमतीचा ठराव दिला तरच.

"म्हणजे कसं म्हणता?" खुशालरावांनी विचारलं.

महादेवरावांनी घाम पुसला. "सोपं हाय. इमारत शासनाची. खर्च शासनाचा. पोट्टे तुमचे. फी नाई. चालवनार संस्था. मास्तर ते आपले आननार, शिकवाची पद्धत त्यायची. आपल्या मॅडमचं दुसऱ्या गावाले समायोजन."

"वावर आपलं, बैल आपले, बियानं आपलं," वाहेदभाई म्हणाले. "मंग हे काय करनार?"

"व्यवस्थापन," महादेवराव म्हणाले.

"अन् जमलं नाई तं?" खुशालरावांनी विचारलं.

"करार पाच वर्षायचा हाय. दरसाल परीक्षा होईन, बाहेरचे लोक घेतीन. एवढे टक्के पोट्टे पास झाले पायजेत. नाई झाले, की करार मोडला."

खुशालरावांचा चेहरा उजळला. ही भाषा त्यांना कळत होती. "म्हणजे काडीमोडाची सोय हाय. बरं हाय. अन् आमी नाईच म्हटलं तं?"

महादेवरावांनी कडुनिंबाकडे पाहिलं. "मंग पयला कागद अजून रद्द झाला नाई, भाऊ."

म्हणजे शाळेचं लग्न तरी लावा, नाही तर शाळा मिटवा. ज्या पोरीचं वय निघून चाललंय तिच्या बापाची जी गत होते, ती खुशालरावांची झाली. आणि अशा वेळी काय करायचं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? ते म्हणाले, "ठराव देतो. पन घर पाहल्याशिवाय नाई. पोरगी हाय, टोपलं नाई."

संस्था अमरावतीची होती आणि मोर्शीकडच्या एका गावात तिने पहिल्या टप्प्यात शाळा घेतली होती. तर खुशालराव आणि वाहेदभाई निघाले. वाहेदभाईंच्या पुतण्याची गाडी, डब्यात मनकर्णाबाईंच्या हातच्या भाकरी आणि झुणका. परतवाडा ओलांडला, संत्र्याच्या बागा लागल्या. वाटेत महानुभावांचं रिद्धपूर आलं तसं खुशालरावांनी गाडी थांबवून हात जोडले. शुभकार्याला निघाल्यावर देवाला कळवलेलं बरं, मग देव कोणत्या का पंथाचा असेना. वाहेदभाईंनी तोवर चहा सांगितला.

शाळा पाहून दोघं खूश झाले. भिंतीवर रेल्वेचे डबे रंगवले होते आणि दाराच्या जागी डब्याचं दार होतं. संस्थेच्या रागिणी मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. सगळ्या चित्रांत मुलं हसत होती. मॅडम वयाने लहान, बोलायला साखर. खुशालरावांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि पहिली संधी मिळताच तिथून निसटले. पडद्यावरच्या चित्रांवर सोयरीक करणारे ते नव्हते.

गावच्या नाक्यावर देवमनचा पानठेला होता. खुशालरावांनी बैठक मारली, पावसाचं विचारलं, संत्र्याची गळ विचारली, आणि हळूच सोडलं, "हे शाळावाले कसे हायेत, भाऊ? आमच्या गावाले येतो म्हनतात."

देवमनने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता त्यांच्याकडे पाहिलं. टोपी पाहिली, धोतर पाहिलं, सोबतचे वाहेदभाई पाहिले. "सोन्यासारखी मानसं," तो म्हणाला. "डोये मिटून द्या."

गिरणीवाल्याने तेच सांगितलं. एक बाई ओट्यावर मुगाच्या वड्या घालत होती, तिने तर पोरं इंग्रजीत बोलू लागली म्हणून सांगितलं आणि हातावर दोन ओल्या वड्या ठेवल्या. तीन ओटे, एक उत्तर. परत येताना गाडीत खुशालरावांनी जाहीर केलं, "पसंत हाय."

आता खरं सांगायचं तर इथे एक मोठी चूक झाली होती, आणि ती चूक करायला वऱ्हाडातला मुरलेला सोयरीकवालाच पाहिजे. शहरातल्या माणसाने सरळ जाऊन विचारलं असतं आणि त्याला सरळ उत्तर मिळालं असतं. पण खुशालरावांनी ओट्यावर बसून, पाणी मागून, घराणं विचारल्यासारखं विचारलं. आणि आपल्याकडे अशा माणसाला वाकडं उत्तर कोणी देतं का? जमत आलेली सोयरीक मोडणं म्हणजे पाप. खुशालराव स्वतः जन्मभर आपल्या ओट्यावरून परगावच्या पाहुण्यांना हेच सांगत आले होते, "सोन्यासारखी मानसं." त्यांतली काही पितळेची होती आणि दोन-तीन तर निव्वळ शेणाची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ठराव झाला. अनीसा मॅडम दुसऱ्या गावाला गेल्या. जाताना पोरं रडली, मॅडम रडल्या, आणि खुशालराव "पोरगी सासरी जाते तवा माहेरचे रडतातच" असं काहीतरी बोलले, जे त्या प्रसंगाला अजिबात लागू नव्हतं.

संस्थेने वाईट काही केलं नाही हे आधी सांगतो. भिंती रंगल्या, नळाला पाणी आलं, पोरांना बूट मिळाले. मास्तर तरुण, उत्साही, गाणी म्हणणारे. फक्त एकच होतं: ते टिकत नव्हते. पगार कमी, गाव लांब; चार-सहा महिन्यांत कुठे बरं मिळालं की चालले. नवा मास्तर आला की पहिला आठवडा ओळखीचा. मग खेळातून ओळख, गाण्यातून ओळख. तो रुळतो न रुळतो तोच पुढचा हजर, पुन्हा ओळख. श्रावी तर "माझे नाव, माझे गाव, मला काय आवडते" यात इतकी तयार झाली, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवी. बेरजा मात्र हातच्यापाशी येऊन अडत. अनीसा मॅडम चिंचोके घेऊन बसवत. ते चिंचोके मॅडमबरोबर गेले होते.

वर्षाअखेरीला बाहेरच्या लोकांची परीक्षा ठरली. त्याआधी रागिणी मॅडम एकेका घरी चहाला येऊन गेल्या. खुशालरावांच्या घरीही आल्या.

"आजोबा, श्रावी खूप गोड आहे," त्या म्हणाल्या. "फक्त गणिताची जरा भीती वाटते तिला. मला वाटतं, त्या दिवशी ती घरी राहिली, आराम केला, तर तिच्यावर ताण येणार नाही."

खुशालरावांना क्षणात उमगलं. पाहुणे येणार त्या दिवशी दारुड्या काकाला वावरात पाठवा, हे त्यांनी किती घरांना सांगितलं होतं! तोतऱ्या भावाला मामाकडे धाडा, म्हाताऱ्या आत्याला बोलू देऊ नका. शाळेत पोरं इतकी थोडी, की एक खाली आलं तर गावाचा टक्का घसरणार. टक्का घसरला की करार मोडणार. करार मोडला की पहिला कागद. आणि पहिला कागद म्हणजे श्रावी अकोल्याला. पोरगी घरात राहावी म्हणून पोरीला एक दिवस घरात ठेवायचं. त्यात वाईट काय? असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत चहा संपवला.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी श्रावीच्या कपाळावर हात ठेवला. "अरे बाप्पा! तापली की पोट्टी."

"नाई तापली आबाजी."

"तुले नाई समजत. आतून हाय."

मनकर्णाबाईंनी ओल्या फडक्याची पट्टी त्या थंडगार कपाळावर ठेवली, पण नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की खुशालराव दिवसभर वावरात जाऊन बसले. श्रावीने मात्र आजारपण मजेत काढलं. बिस्किटाचा पुडा मिळाला.

शाळा पास झाली. झेंडावंदनाला पेढे वाटले. मग वरून दोन साहेब गाडीतून आले आणि पारावर बसून लोकांना विचारू लागले, "समाधानी आहात ना?" पाहुणा दारात, हातात चहाचा कप, त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? सगळे म्हणाले, समाधानी. मोर्शीकडेही म्हणाले, समाधानी. अशा रीतीने जागोजागी माणसं पाहुणचार करत राहिली आणि वरती त्याचा अहवाल होत राहिला. महादेवराव नवा कागद घेऊन आले: ग्रामस्थांचं समाधान लक्षात घेता योजनेचा दुसरा टप्पा सुरू करण्यात येत आहे. आणि हळू आवाजात त्यांनी जोडलं, की संस्थेला या तालुक्यात आणखी शाळा मिळाल्या तर ती टिकेल. एका शाळेसाठी तिला इकडे परवडत नाही.

त्याच उन्हाळ्यात अमरावतीला एका लग्नात खुशालराव आणि वाहेदभाई पंगतीला बसले, तर शेजारी देवमन. तो नवरीकडचा निघाला. ओळख पटली. खुशालरावांनी बोलता बोलता परीक्षेचा विषय काढला.

"आमच्याकडले तं तीन पोट्टे दरसाल त्याच दिवशी मामाच्या गावाले जातात," देवमन वरणात तूप घेत म्हणाला. "एकाले तं मामाच नाई."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. "मंग तुमी तवा सोन्यासारखी मानसं काहून म्हटलं?"

देवमनला खरंच आश्चर्य वाटलं. "अवो, तुमी टोपी घालून आल्ते. पानी मागतलं. घरानं कसं हाय म्हनून इचारलं. अशा मानसाले वाकडं सांगाचं? मोडत्याचं पाप कोन घेते?"

वाहेदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि वाढप्याला पाणी घेऊन पळावं लागलं. खुशालरावांना हसू आलं नाही. आपणच आयुष्यभर वाटलेला माल आपल्याच ताटात पडला होता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट कशाचं वाटतंय हे नीट धरता येईना, म्हणून त्यांनी जिलेबी नको म्हटलं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन काही दिवस झाले असतील. एका सकाळी ओट्यापुढे ऑटो थांबला. शेजारच्या गावच्या माणिकबाई उतरल्या, मागोमाग दोन पुरुष. माणिकबाई त्यांच्या गावच्या समितीच्या अध्यक्ष. नव्वारी कडक, नजर त्याहून कडक. त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "पानी द्या हो, बाई."

वाहेदभाई शेजारीच गादी भरत होते. त्यांनी खुशालरावांकडे पाहून डोळा मारला. कळलं होतं दोघांनाही.

श्रावी तांब्या घेऊन आली. माणिकबाईंनी पाणी पिऊन तांब्या उलटा करून पाहिला, चांगला घासलेला होता. मग पावसाचं झालं. बियाण्याचं झालं. आणि मग, "हे शाळावाले कसे हायेत, भाऊ? तुमचा शब्द म्हनजे लोकं डोये मिटून घेतात."

खुशालरावांच्या जिभेवर ते दोन शब्द तयारच होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. या गावाने हो म्हटलं की संस्था टिकणार, शाळा टिकणार, श्रावी टिकणार. इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं, आणखी एकदा सांगायला काय जातंय?

माणिकबाई पुढे म्हणाल्या, "माही नातीन हाय. गोरीगोमटी हाय, गुनाची हाय. पन लिवाले मंद हाय जराशी. तिचं होईन नं इथं बरोबर? म्हनून आली."

खुशालरावांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं.

"बाई, खरं सांगू काय? भित्ती लय चांगल्या रंगवतात. बूट देतात. पन मास्तर टिकत नाई. अन् जे पोट्टं मंद असन, त्याले परीक्षेच्या दिवशी घरी ठेवाले लावतात. म्हनजे गावाचा टक्का पडत नाई. माह्याच नातनीले ठेवलं. तिले बेरजा येत नाईत. ताप हाय म्हनून मी खोटं सांगतलं, अन् शाळा पास झाली. तुमच्या नातनीले बी हेच लोकं ताप आनतीन. नोका देऊ."

वाहेदभाईंचा दाभण हवेतच थांबला. खुशालरावांना छातीवरचं धोंड्याएवढं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. साऱ्या हयातीत कोणाला पूर्ण खरं सांगण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

माणिकबाईंनी सोबतच्या पुरुषांकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्या उठल्या, पदर सावरला.

"समजलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "येतो आमी."

ऑटोत बसता बसता त्या आपल्या माणसांना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळू बोलण्यासाठी घडलेलाच नव्हता: "पाहा नं कसा भांजी मारून राहिला, जमती सोयरीक मोडून राहिला! स्वतःच्या नातनीले नाव ठेवलं, पन आपल्याले हात लावू देत नाई. इतकं झाकून ठेवून राहिला म्हनजे थे संस्था सोन्याचीच असन. उद्याच ठराव करा."

ऑटो गेला. वाहेदभाईंनी गादीत तोंड खुपसलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. "या अल्ला," ते मध्येच श्वास घेत म्हणाले, "खुशालभाऊ, सारी उमर तुमी पितळ सोनं म्हनून खपवलं. आज खरं सांगतलं तं थेबी सोन्याच्याच भावात गेलं!"

खुशालरावही हसले असते. पण दारात तांब्या घेऊन श्रावी उभी होती.

"आबाजी," ती म्हणाली, "मले ताप नोता?"

कोणाच्या घरातली कुठली गोष्ट कशी झाकायची हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मले बेरजा येत नाई म्हनून मले घरी ठेवलं?"

"हो," खुशालराव म्हणाले.

श्रावीने तांब्या जागेवर ठेवला आणि आजीकडे गेली. त्या दिवशी ती आजोबांशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हाताऱ्याला जेवण गोड लागेना. शेवटी ते एका सकाळी तीन गावं ओलांडून अनीसा मॅडमच्या नव्या शाळेत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या धोतराच्या सोग्यात चिंचोके बांधलेले होते. ओट्यावर त्यांनी ते ओतले.

"मॅडमनं सांगतलं, दहा-दहाचे ढीग लावाचे," ते म्हणाले. "मले बी हातच्याचं नीट येत नाई. ये, दोघं शिकू."

श्रावी आधी उंबऱ्यातच उभी राहिली. मग येऊन बसली आणि पहिल्याच ढिगात त्यांची चूक काढली. तेव्हापासून भांडण पुन्हा सुरू झालं.

त्या साली तीन मास्तर बदलले. परीक्षा जवळ आली तशा रागिणी मॅडम पुन्हा चहाला येऊन गेल्या, तेच गोड शब्द बोलल्या, खुशालरावांनी मान डोलावली. महादेवरावांनी वाटेत गाठून निराळंच सांगितलं: या खेपेला टक्क्याची अट वाढवली आहे, भाऊ, काठावर आहे तुमची शाळा. किशोरचा फोन आला, की अकोल्याच्या शाळेत जागा धरून ठेवली आहे, लागली तर. मनकर्णाबाईंनी सगळं ऐकलं आणि फक्त विचारलं, "मंग? ताप येनार हाय का?"

परीक्षेच्या सकाळी खुशालरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, निळीची टोपी घातली, सोयरिकीला निघतात तसे. श्रावीचं बोट धरलं आणि भर गावातून चालत निघाले. शाळेच्या दारात बाहेरगावचे परीक्षा घेणारे खुर्च्या मांडत होते. रागिणी मॅडम लगबगीने पुढे आल्या.

"आजोबा, अहो, हिला बरं नाहीये ना?"

"तिले बरं हाय," खुशालराव म्हणाले. "मलेच मागच्या साली बरं नोतं."

मॅडमचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि खुशालरावांना त्यांचीही दया आली. त्यांच्याही डोक्यावर कोणाचा तरी टक्का असणारच. श्रावी आत गेली आणि पुढच्या बाकावर बसली.

खुशालराव बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले. थोड्या वेळाने वाहेदभाई आले, शेजारी टेकले. आतून कागद चाळल्याचा आवाज येत होता.

श्रावी बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती.

"निम्मे आले," ती म्हणाली. "निम्मे नाई आले. हातच्याचे दोन आले, पन."

"दोन आले?"

"दोन." मग ती थांबली. तिला सगळं कळत होतं. अशा घरात वाढलेल्या पोरीला कळायचं काय राहतं? "आबाजी, आता मले अकोल्याले जा लागन काय?"

खुशालरावांनी तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. सोन्यासारखं एखादं उत्तर त्यांना सहज देता आलं असतं.

"लागन बी," ते म्हणाले. "मले नाई मालूम. तू गेली, तं मले बिलकुल करमनार नाई."

श्रावीने त्यांचं बोट धरलं, आणि दोघं घराकडे निघाली.